सासरेबुवांसाठी समुद्र

जावईबापूंचा मूळ दोष एकच. कुणी तक्रार केली की ते लगेच तिचं निवारण करायला उठत. अर्धं आयुष्य पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत गेलेलं. तिथं तक्रार आली की पाण्याचा नमुना घ्यायचा, तपासायचा, उपाय करायचा आणि तक्रारदाराला तसं कळवून मोकळं व्हायचं. तक्रारदाराला मनातून काय म्हणायचं होतं, हे विचारायची पद्धत त्या खात्यात नव्हती.

त्यामुळे जेवताना सासरेबुवा जेव्हा म्हणाले, "घर छान आहे हो तुमचं, पण इथं समुद्र नाही," तेव्हा जावईबापूंनी घास चावता चावता ती तक्रार दाखल करून घेतली.

सासरेबुवा जहाजावर मुख्य इंजिनिअर होते. उभा जन्म समुद्रावर काढला, पण तोही समुद्राच्या पातळीखाली, इंजिनरूमच्या घरघराटात. सासूबाई गेल्या, त्यानंतर यांची नजर अधू होत गेली, आणि लेकीनं हट्टानं त्यांना आपल्याकडे आणलं. आता त्यांना समोरच्या माणसाचा आकार कळे, चेहरा कळत नसे. हे मात्र त्यांना कबूल नव्हतं. दाराच्या चौकटीवर खांदा आपटला की चौकट चुकीच्या जागी बसवलीय असं ते बजावत. काठी आणली तर ती म्हाताऱ्यांसाठी ठेवा म्हणाले. जिन्यात कुणी हात धरायला गेलं की फटकन म्हणत, "मी काय बंद पडलेलं जहाज आहे का, ओढून न्यायला?"

आणि त्यांनी बंदरावरच्या खलाशांच्या निवासगृहात नाव घातलं होतं. पावसाळा सरला की तिथली खोली रिकामी होणार होती. "जावयाच्या घरात नुसतं बसून खायचं मला जमणार नाही," असं ते लेकीला एकदाच म्हणाले, आणि तेही जावईबापू घरात नसताना. जावईबापूंच्या कानावर आलं ते फक्त समुद्राचं.

 बायको फक्त बाबांचे शर्ट इस्त्री करायला लागली. इस्त्री झालेले शर्ट पुन्हा इस्त्री करायला लागली. जावईबापूंचं बायकोवर फार प्रेम होतं. ते बोलून दाखवायला इतक्या वर्षांत योग्य असा प्रसंग मिळाला नव्हता, एवढंच. तिची ती इस्त्री त्यांना बघवेना. त्यांनी हिशेब मांडला: बायकोला बाप हवा, बापाला समुद्र हवा, तेव्हा समुद्र घरी आणला की प्रकरण निकालात निघालं.

खाऱ्या पाण्यातल्या माशांचं दुकान एक बाई चालवत. गिऱ्हाईक आलं की त्या आधी त्याचीच परीक्षा घेत.

"टाकी केवढी?"

जावईबापूंनी दोन्ही हातांनी दाखवली.

"लहान आहे."

"सुरुवात म्हणून लहान बरी, नाही का?"

"लहान टाकी सोपी नसते, साहेब. समुद्रात एखाद्यानं घाण केली तर पत्ताही लागत नाही. लहान टाकीत खाण्याचा एक दाणा जास्त पडला तरी सगळ्यांना भोगावं लागतं. घरात माणसं किती तुमच्या?"

"तीन."

"मग कळेल तुम्हाला."

मग बाईंनी सांगितलं, की आधी वाळू, समुद्रातले जिवंत दगड आणि मिठाचं पाणी घालायचं. दगडांवर डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, त्यांचा जम बसेपर्यंत काही आठवडे टाकी तशीच ठेवायची. मासे त्यानंतर. इथवर जावईबापूंनी मान डोलावली. पण बाई पुढे म्हणाल्या, "आणि नळाचं पाणी वापरायचं नाही."

जावईबापूंची कानशिलं तापली. "बाई, आमच्या नळाचं पाणी अख्खं शहर पितं. मी स्वतः तपासतो ते."

"शहराला चालतं हो. माशांना नाही चालत."

माणसाला शिव्या दिलेल्या चालतात, पण त्याच्या खात्याबद्दल असं शांतपणे बोललेलं चालत नाही. जावईबापूंनी वाळू घेतली, दगड घेतले, मीठ घेतलं, पंप घेतला आणि घरी येऊन तत्त्वाचा प्रश्न म्हणून टाकी नळाच्या पाण्यानं भरली.

शेजारचे सल्लागार उद्घाटनाला हजर होते. हे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी आयुष्यात मासा पाळला नव्हता, कुत्रं पाळलं नव्हतं, घरातली कुंडीसुद्धा त्यांची बायको बघे. त्यामुळे त्यांचा सल्ला कुठल्याही अनुभवानं बिघडलेला नव्हता. "मासे घ्यायचे तर मोठे घ्या," ते म्हणाले. "लांबून दिसले पाहिजेत. पाहुणा दारात उभा राहिला की त्याला दारातूनच मासा दिसला पाहिजे."

पाहुणे आले. दारातून त्यांना दगड दिसले, जवळ येऊनही दगडच दिसले.

"मासे कुठंयत?"

"यायचेत," जावईबापू म्हणत.

"कुठून?" असं एका मेहुणीनं विचारलं, तेव्हा मात्र त्यांना राग आला.

सासरेबुवा खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाले, "लोक कुत्री पाळतात, मांजरं पाळतात. आमच्या जावईबापूंनी दगड पाळलेत. खायला काही मागत नाहीत, हे बरं." आणि मग कान टवकारून म्हणाले, "पंप हवा गिळतोय तुमचा."

"नवीन आहे बाबा तो."

"नवीन असला म्हणून काय झालं? गिळतोय."

जावईबापूंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पाण्याच्या बाबतीत त्या महिन्यात त्यांचा एक अपमान झालेला होता, दुसऱ्याला जागा नव्हती.

पंधरवड्यात वाळूवर तपकिरी थर चढला. मग दगडांना हिरवी दाढी फुटली. मग काचेलाही फुटली. बायकोनं एक दिवस काचेवरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि अगदी मायेनं विचारलं, "अहो, हेच पाणी आपण पितो ना?"

दुसऱ्या दिवशी जावईबापू कॅन घेऊन बाईंच्या दुकानात उभे राहिले. बाईंनी कॅन शुद्ध पाण्यानं भरून दिले. त्या काही बोलल्या असत्या तर जास्त बरं झालं असतं.

आता पाणीपुरवठा खात्याचा अधिकारी विकतचं पाणी वाहून आणताना दिसणं, हे काही शोभणारं नव्हतं. जावईबापू कॅनवर चादर टाकून आणत. नेमके कोपऱ्यावर कार्यालयातले शाखाधिकारी भेटले. चादर घसरली. शाखाधिकाऱ्यांनी कॅन पाहिले, साहेबांचा घामेजलेला चेहरा पाहिला आणि त्यांना भरून आलं. "साहेब, तुमच्याकडे पाणी येत नाही, आणि तुम्ही आम्हाला एका शब्दानं बोलला नाहीत?"

"तसं नाही हो, हे वेगळ्या कामासाठी—"

"तुमचा स्वभावच भिडस्त," असं म्हणत ते निघून गेले.

सकाळी इमारतीसमोर खात्याची गाडी उभी. कामगारांनी साहेबांवरच्या प्रेमापोटी रस्ता खणला, चांगली वाहणारी जलवाहिनी शोधून काढली आणि ती तपासताना फोडली. सबंध गल्लीचं पाणी गेलं. खालच्या मजल्यावरच्या डेंटिस्टांचे पेशंट तोंडात औषध घेऊन चूळ भरायला कुठं जायचं म्हणून जिन्यात उभे राहिले. इमारतीचे सेक्रेटरी, जे उंचीला बेताचे पण आवाजाला भरपूर होते, ते खालून ओरडले, "कुणामुळे झालं हे?" आणि इमारतीतल्या प्रत्येक खिडकीनं जावईबापूंच्या खिडकीकडे पाहिलं. आत टाकीत तेवढं पाणी नितळ, निर्मळ, काठोकाठ होतं.

अखेर मासा निवडायचा दिवस उजाडला. जावईबापूंनी एका निळ्याजर्द माशावर बोट ठेवलं.

"तो भांडकुदळ आहे. लहान टाकीत दुसऱ्याला जगू देणार नाही."

"मग तो पिवळा, चपटा?"

"तो हातभर वाढतो. त्याला पोहायला तुमचा दिवाणखाना लागेल."

"तो पट्ट्यांचा?"

"प्रवाळ खातो."

"तो लांब तुऱ्याचा?"

"तो उडी मारतो. सकाळी तुम्हाला चपलेत सापडेल."

असं करत करत बाईंनी अख्खा समुद्र नापास केला आणि तळाशी वाळूत बसलेल्या एका मळकट पिवळ्या, जाड ओठांच्या, कपाळाला आठ्या पडल्यासारख्या दिसणाऱ्या माशापाशी आल्या. "हा घ्या. चौकीदार. लहान टाकीत सुखानं राहतो. एका बिळापाशी बसून राहतो आणि पहारा देतो."

जावईबापूंच्या तोंडावर निराशा पसरली. असा आठ्यांचा चेहरा ते कार्यालयात रोज बघत होते. बाई पुढे बरंच सांगत होत्या, याला जोडीला एक कोळंबी लागते, दोघांचं कसं साटंलोटं असतं वगैरे, पण जावईबापूंचं अर्धं लक्ष त्या निळ्याकडे होतं. कोळंबी सध्या दुकानात नव्हतीच. आली की कळवते, असं बाई म्हणाल्या.

घरी टाकीत सोडल्याबरोबर चौकीदारानं एकदा सगळीकडे बघितलं, त्याला काही पसंत पडलं नाही, आणि तो मागच्या दगडाखाली गेला तो गेलाच. सल्लागार आले, वाकले, चष्मा पुसून पुन्हा वाकले. "मासा कुठंय?" हा प्रश्न पुन्हा सुरू झाला. पूर्वी निदान "यायचाय" असं उत्तर तरी होतं.

पण खरी चूक पुढेच उघडी पडायची होती. संध्याकाळी जावईबापूंनी सासरेबुवांची खुर्ची टाकीसमोर ओढली, दिवा लावला आणि छाती काढून म्हणाले, "बघा बाबा. तुमचा समुद्र."

सासरेबुवा पुढे झुकले. बराच वेळ त्यांनी टाकीकडे तोंड करून पाहिलं. मग म्हणाले, "वा! फार सुरेख. विशेषतः तो लाल मासा."

टाकीमागे भिंतीला टेकून मिठाची बादली ठेवलेली होती. तिचं झाकण लाल होतं.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं जावईबापूंकडे पाहिलं, जावईबापूंनी तिच्याकडे. ज्याला चेहरे दिसत नाहीत त्याच्यासाठी आपण बोटभर मासा आणला, तो दाखवायला दिवा लावला, आणि गेले दोन महिने पाण्याच्या शुद्धतेवरून जगाशी भांडलो, हे त्या क्षणी जावईबापूंना लख्ख कळलं. आणि म्हातारा आपलं मन राखायला खोटं बोलला, हेही कळलं. त्याचंच त्यांना जास्त लागलं.

"हो बाबा," ते म्हणाले. "लालच आहे तो."

मग आवाज सुरू झाला.

टक्!

कोरडा, टणक, सुकी फांदी मोडावी तसा. जावईबापू भिंग घेऊन टाकीची काच तपासायला लागले. तडा नव्हता. ते उठले की पुन्हा, टक्! दोन दिवसांत तो आवाज खाली डेंटिस्टांच्या छतापर्यंत पोचला. डेंटिस्टांचा धंदाच तडे शोधण्याचा. ते वर येऊन म्हणाले, "टाकीच्या वजनानं तुळई तडकतेय. मी हा आवाज ओळखतो. अक्कलदाढ निघताना असाच येतो."

सल्लागारांनी आपलं कपाट भिंतीपासून लांब सरकवलं. सेक्रेटरींनी जिन्यातल्या फळ्यावर सूचना लिहिली, की संबंधित रहिवाशानं आपला समुद्र रविवारपर्यंत काढून घ्यावा. 'समुद्र' हा शब्द त्यांनी मुद्दाम वापरला होता. येता जाता लोक थांबून वाचत आणि हसत.

रविवारी दुपारी सासरेबुवांची गाडीही यायची होती. पावसाळा सरला होता, बंदरावरची खोली रिकामी झाली होती. बॅग भरून दाराशी ठेवलेली. इस्त्रीचे शर्ट वरच्या थरात. समुद्र आणि सासरेबुवा एकाच दिवशी घरातून जाणार होते. बायको सकाळपासून तोंड धुऊन येत होती आणि थोड्या वेळानं पुन्हा तोंड धुवायला जात होती. जावईबापूंनी बादल्या आणून टाकीजवळ मांडल्या आणि नळी हातात घेऊन उगाच उभे राहिले.

कमिटी वर आली. सेक्रेटरी, डेंटिस्ट, सल्लागार आणि कमिटीनं बोलावलेला एक बांधकाम इंजिनिअर. इंजिनिअरनं भिंतींवर टिचक्या मारल्या, जमिनीवर पाय आपटला, सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं.

टक्!

डेंटिस्ट सेक्रेटरींच्या मागे सरकले, आणि सेक्रेटरी लहान पडल्यामुळे तसेच दिसत राहिले. इंजिनिअर गंभीरपणे म्हणाला, "काँक्रीटचा असू शकतो."

"काँक्रीटचा नाही," खोलीच्या दारातून आवाज आला.

सासरेबुवा बाहेर आले. वाटेत टीपॉय आडवा आला, त्याला त्यांनी गुडघ्यानं बाजूला केलं. टाकीपाशी येऊन त्यांनी हातानं काच चाचपली आणि कान टेकवला. "पंप बंद करा."

"पण बाबा—"

"बंद करा म्हटलं ना. इंजिन थांबल्याशिवाय ऐकू येत नाही."

पंप बंद झाला. खोलीत कुणी हललं नाही. टक्! मग जरा थांबून, टक्-टक्!

सासरेबुवांच्या चेहऱ्यावरच्या सगळ्या सुरकुत्या जागच्या हलल्या. त्या घरात आल्यापासून ते असे हसले नव्हते. "जावईबापू, ही तुम्हाला कुठं मिळाली?"

"कोण, बाबा?"

"नांगर टाकला, इंजिन थांबवलं, की तळाच्या पत्र्याला कान लावायचा. खाली सगळा समुद्र तडतडत असायचा. नवीन पोरांना वाटायचं, जहाज फुटतंय. मीसुद्धा पहिल्यांदा ऐकलं तेव्हा धावत जाऊन कप्तानाला झोपेतून उठवलं होतं. पुढं वर्षभर सगळे हसत होते मला." त्यांनी काचेवर हलकेच बोट वाजवलं. "कोळंबी आहे ही. बोटाएवढी असते. एक नांगी मोठी असते, ती मिटली की हा बार उडतो. दगडातल्या भोकात लपून आली असणार तुमच्याकडे."

"बोटाएवढी कोळंबी आणि एवढा आवाज?" सेक्रेटरी कडाडले.

"सेक्रेटरीसाहेब, उंचीचा आणि आवाजाचा संबंध नसतो, हे मी तुम्हाला सांगू?"

सल्लागारांना खोकल्याची मोठी उबळ आली. जावईबापू मात्र ऐकत नव्हते. ते विजेरी घेऊन जमिनीवर पालथे पडले होते, मागच्या दगडाखाली डोळा लावून. "आहे! बाबा, आहे! आणि चौकीदारही तिथंच आहे! दोघं एकत्र आहेत!"

"काय करतायत?" सासरेबुवांनी विचारलं. नुसतं विचारलं, "दिसतंय मला" असं म्हणाले नाहीत.

जावईबापू पालथ्यानंच सांगायला लागले, आणि दुकानातल्या बाईंचं ते अर्धवट ऐकलेलं बोलणं त्यांना हळूहळू आठवत गेलं. "बिळाच्या तोंडाशी मासा बसलाय. कोळंबी आतून वाळू ढकलत बाहेर आणतेय. एक खडा आणला. टाकला. परत गेली. पुन्हा आली. आणि तिची एक लांब मिशी आहे ना बाबा, ती तिनं माशाच्या शेपटीवर टेकवून ठेवलीय. सारखी. काढतच नाही."

"का?"

जावईबापू थांबले. पण विचारलेल्या प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं, हे त्यांचं वळण आयुष्यभराचं होतं. "तिला जवळजवळ दिसत नाही, बाबा. तो बघतो. काही धोका दिसला की तो शेपटी हलवतो, तिला ते मिशीतून कळतं, मग दोघंही आत पळतात."

बायकोनं पदराचं टोक तोंडावर धरलं. कमिटी आपापल्या पायांकडे बघायला लागली.

"आणि त्या माशाला काय मिळतं?" सासरेबुवांचा आवाज करडा होता. "उगाच सांभाळतो होय तिला?"

"घर मिळतं ना. हे बीळ तिचं आहे. तिनं खणलंय, ढासळलं की तीच नीट करते. त्याला खणता येत नाही. त्याच्याकडे नुसते डोळे आहेत."

सासरेबुवा बराच वेळ काचेला कान लावून बसले.

"म्हणजे ती नुसती बसून खात नाही," ते म्हणाले.

"नाही हो बाबा. ती नसेल तर त्या बिचाऱ्याला राहायला जागा नाही."

कमिटी निघून गेली. सेक्रेटरींनी जाताना फळ्यावरची सूचना पुसली, पण डेंटिस्टांनी आवाजाची वेळ ठरवता येईल का, असं दारात उभं राहून विचारलंच.

जावईबापूंनी पंप पुन्हा सुरू केला. तो खरखरला, थांबला, पुन्हा खरखरला. त्यांनी बटण दाबलं, सोडलं, पंपाला दोन चापट्या मारल्या.

"सरका," सासरेबुवा म्हणाले. त्यांनी बाह्या वर केल्या. इस्त्रीचा शर्ट कोपरापर्यंत भिजवून त्यांनी पंप काढला, मांडीवर घेतला आणि उघडला. बोटं आतल्या चाकावरून, पात्यांवरून, रबरी कडीवरून फिरली. डोळे भलतीकडेच होते, खिडकीकडे. "ही कडी फाटलीय. केव्हापासून सांगतोय, हवा गिळतोय. ऐकता कुठं तुम्ही? पंप बंद राहिला तर संध्याकाळपर्यंत दोघंही गुदमरतील."

"मी आणतो दुकानातून."

"तुम्ही आणाल आणि चुकीची आणाल. मापाची कडी हाताला कळते. मी येतो." ते उठले. खाली गाडीचा भोंगा वाजला. बंदरावर न्यायला आलेली गाडी.

बायको दारातल्या बॅगेजवळ उभी होती. सासरेबुवांनी तिच्या दिशेनं मान वळवली. "बाळा, त्याला म्हणावं, जा बाबा तू. सांग, बाबांकडे काम निघालंय. आज उरकेल असं दिसत नाही." मग जरा थांबून म्हणाले, "उद्याही नाही."

जिन्याच्या तोंडाशी जावईबापू सवयीनं हात पुढे करणार होते, पण त्यांनी तो मागे घेतला. ते एक पायरी पुढे होऊन उभे राहिले, पाठ करून. आणि त्यांच्या खांद्यावर दोन बोटं येऊन टेकली. हलकी, जेमतेम टेकलेली.

"पायरी आली की खांदा हलवा," सासरेबुवा हळूच म्हणाले. "बोलायचं नाही. माणसं बघतात."

जावईबापूंनी खांदा हलवला. दोघं एक पायरी उतरले. पुन्हा हलवला, पुन्हा उतरले. सल्लागार दार उघडून सल्ला द्यायला बाहेर आले होते, ते न देता तसेच आत गेले. असं करत करत जिना संपला, दोघं सपाट फरशीवर आले, फाटकाकडे चालायला लागले. आणि तिथं, जिथं पायरीचा काही संबंध नव्हता, जावईबापूंचा खांदा हलला. थांबवायला गेले तर आणखीच हलायला लागला.

सासरेबुवा जागच्या जागी थबकले. एक पाय उचलून त्यांनी पुढची जमीन चाचपली. मग तो पाय खाली ठेवला.

"इथं पायरी नाही, जावईबापू."

"नाही बाबा," जावईबापू नाक पुसत म्हणाले. "चुकून हलला."

"असू दे," सासरेबुवा म्हणाले, आणि दोन बोटांच्या जागी त्यांनी सबंध हात ठेवला.